लॉरेल हॅरॉपने तपासलेली तीन यंत्रं

लॉरेल हॅरॉप गेली एकतीस वर्षं दूध काढायची यंत्रं तपासते. ऑस्ट्रेलियातल्या कॉब्डेन ते टिंबून या पट्ट्यातल्या बहुतेक सगळ्या फार्मवर ती वर्षातून एकदा येते. पिकअपमधून मीटरची पेटी काढते, गायींच्या सडांना लागणाऱ्या कपांमध्ये नळ्या खुपसते आणि पल्सेटरने, म्हणजे हवा आळीपाळीने ओढणाऱ्या-सोडणाऱ्या भागाने, हवा किती जोराने ओढली जाते, किती वेळ ओढली जाते, किती वेळ सोडली जाते ते वहीत लिहिते. वय एकोणसाठ, खांदे रुंद, चष्मा दोरीने गळ्यात. फार्मवाले तिला थोडे वचकून असतात, कारण मीटरपुढे थापा चालत नाहीत.

साडेतीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, किरणं झाली, आणि वॉर्नांबूलच्या डॉक्टरांनी आता काही दिसत नाही असं सांगितलं. गाठ परत येऊ नये म्हणून शरीरातलं उरलंसुरलं इस्ट्रोजेन हे हार्मोन थांबवणारी एक गोळी रोज घ्यायची होती, पाच वर्षं. त्यातली तीन झाली होती. गोळीने बोटांचे सांधे धरले, भर हिवाळ्यात घाम फुटायला लागला. ते तिने चालवून घेतलं. पाना धरता येतोय तोवर सांध्यांची तक्रार करायची नाही, असं तिचं धोरण.

पण कमरेखालचं शरीर जणू दुसऱ्या कुणाचं झालं होतं. आधी कोरडेपणा आला, मग दुखणं आलं, आणि मग काहीच येईनासं झालं. नवऱ्याला, नेव्हला, तिने कंबर दुखते असं सांगितलं होतं. नेव्ह शाळेची बस चालवतो, मितभाषी माणूस आहे. त्याने एक दिवस उशी उचलली आणि मागच्या खोलीत झोपायला लागला. त्याने काही विचारलं नाही याचा तिला राग यायचा. विचारलं असतं तर जास्त आला असता.

मार्चमध्ये तपासणीला गेल्यावर तिने ब्रॉनवेन टली या नर्सला सांगून टाकलं की ती गोळ्या बंद करणार आहे. दोन वर्षं बाकी असली तरी. ब्रॉनवेन स्तनांचा कर्करोग झालेल्या बायकांचंच बघते, चाळिशीची आहे, आणि तिला घाई नसते. तिने कारण विचारलं. लॉरेलला शब्द सापडायला वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, “खालचं सगळं बंद पडलंय. असंच मरेपर्यंत राहायचं असेल, तर मला आयुष्याची दोन वर्षं कमी चालतील.”

ब्रॉनवेन दचकली नाही, हसलीही नाही. हे दर महिन्याला कुणी ना कुणी सांगतं, आणि जी सांगत नाही ती गुपचूप गोळ्या सोडते, असं ती म्हणाली. मग तिने समजावलं. हार्मोन गेलं की तिथली त्वचा पातळ होते, रक्त कमी पोचतं, घासणं सहन होत नाही. त्यासाठी हार्मोन नसलेलं एक मलम तिने दिलं. आणि दुसरी गोष्ट सांगितली ती अशी, की हल्ली हवेच्या स्पंदनांवर चालणारी खेळणी मिळतात. त्यांचं छोटंसं तोंड क्लिटोरिसभोवती टेकवायचं. आतला पडदा हलतो, हवा ओढली जाते आणि सुटते. घासणं नाही, थरथर फारशी नाही. बऱ्याच बायकांना उपयोग होतो.

“म्हणजे पल्सेटर,” लॉरेल म्हणाली.

“म्हणजे काय?”

“काही नाही. पुढे सांग.”

ब्रॉनवेनने एका कागदावर तीन नावं लिहून दिली आणि अट घातली. सहा आठवडे गोळ्या सोडायच्या नाहीत. सहा आठवड्यांनी परत यायचं, तेव्हाही काही नसेल तर डॉक्टरांशी मिळून ठरवू. लॉरेल कबूल झाली. बाहेर पडून तिने बेकरीसमोर उभ्याउभ्या मांसाचं सारण भरलेला एक आख्खा मीट पाय खाल्ला. महिनाभरात पहिल्यांदाच तिला धड भूक लागली होती. बोलून झालं होतं, एवढ्यानेच.

आमच्याकडे कुणी यंत्र जाहिरात वाचून घेत नाही. ते आधी कुणाच्या तरी शेडमध्ये चालताना बघायचं, त्या माणसाबरोबर चहा प्यायचा, काय बिघडतं ते विचारायचं, आणि मगच घ्यायचं. या बाबतीत कुणाच्या शेडमध्ये जाणार? म्हणून लॉरेलने तिन्ही मागवली. पोस्टात खिडकीपलीकडच्या डोरीनने साधं तपकिरी पार्सल हलवून पाहिलं आणि कपांची रबरं आली का असं विचारलं. लॉरेल हो म्हणाली. दरमहा तिची रबरं येतातच, त्यामुळे डोरीनने पुन्हा बघितलंही नाही.

नेव्ह सकाळी सातला बस घेऊन निघतो आणि साडेनऊला परततो. त्या वेळात लॉरेलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि कामाला लागली. पहिलं यंत्र काळं, मोठं, जाड मुठीचं. तोंडाची कड टणक, जोराच्या बारा पायऱ्या. दुसरं गुलाबी, गुलाबाच्याच आकाराचं, मऊ पण तोंड रुंद. चालू केलं की दाढीच्या यंत्रासारखा आवाज, शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतका. तिसरं राखाडी, हाताच्या मुठीत मावणारं, नदीतल्या गोट्यासारखं. त्याचं तोंड सगळ्यांत लहान, आणि ते त्वचेला टेकल्याशिवाय सुरूच होत नव्हतं. ते बिघडलंय असं वाटून तिने माहितीपत्रक दोनदा वाचलं. मग मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवल्यावर ते चालू झालं.

तिने जुन्या रबराचं बूच कापून मीटरची नळी प्रत्येकाच्या तोंडात बसवली. मीटर इतक्या जलद ठोक्यांसाठी केलेला नाही, पण ओढ किती लागते हे त्याने दाखवलं. काळं सगळ्यांत जोरात ओढत होतं. गुलाबीची हवा कडेने निसटत होती. राखाडी तर इतकं हळू चालत होतं की काटा जेमतेम हलला. तिने तिन्ही धुऊन ठेवली आणि वहीत क्रम लावला: काळं, गुलाबी, राखाडी. राखाडीपुढे लिहिलं, “अशक्त. परत जाईल का बघणे.”

मग तिने काळं वापरायला घेतलं. पहिल्या दिवशी चौथ्या पायरीवर काहीतरी झाल्यासारखं वाटलं, दूरवर कुणी दार वाजवावं तसं. दुसऱ्या दिवशी ते वाटलं नाही म्हणून ती सातवर गेली. आठवड्याने दहावर. नोंदी तिच्या नेहमीच्या पद्धतीच्या आहेत: तारीख, पायरी, मिनिटं, परिणाम. परिणामाच्या रकान्यात आधी “किंचित”, मग “शंकास्पद”, आणि तिसऱ्या आठवड्यात सलग पाच दिवस “नाही”. शेवटी शेवटी तर गमबुटावरून चिमटा काढावा तसं वाटत होतं, आणि दिवसभर हुळहुळायचं. सर्वांत ताकदवान यंत्राने जमलं नाही म्हणजे विषय संपला, असा तिने अर्थ काढला. ब्रॉनवेनला फोन करून भेट अलीकडे घ्यायची आणि गोळ्यांचं सांगून टाकायचं, हे ठरलं. फोन शुक्रवारी करायचा होता.

गुरुवारी दुपारी तिला गॅव्हन आणि शोना ड्वायर यांच्या फार्मवर बोलावणं होतं. त्यांच्या गायी आठवडाभर कप लाथाडत होत्या. लॉरेल पोचली तेव्हा तीनचं दूध सुरू झालं होतं आणि शेडमध्ये खुरांचा खडखडाट चालला होता. तिने चार गायींचे सड बघितले. टोकं पांढुरकी, मुळाशी सुजेचं कडं.

“व्हॅक्यूम कुणी वाढवला?” तिने विचारलं.

“वाढवला म्हणजे,” गॅव्हन म्हणाला, “थोडासाच.”

मीटर एक्कावन्न दाखवत होता. बेचाळीसवर तिने स्वतः लावून दिला होता.

“दूध काढायला फार वेळ जात होता गं. म्हटलं जोर वाढवला की लवकर आटपेल.”

“आटपलं?”

“मी म्हणाले होते याला,” शोना पलीकडून म्हणाली. “पण मी काय, नुसती बायको.”

लॉरेलने नियंत्रक खाली घ्यायला सुरुवात केली आणि एकतीस वर्षं जे सांगत आली ते पुन्हा सांगितलं. “नुसतं ओढून चालत नाही गॅव्हन, सोडावंही लागतं. सोडतोस तेव्हा रक्त फिरतं. तू त्याला फिरायला वेळच देत नाहीस. आधी बधिर करायचं, मग येत नाही म्हणून आणखी ओढायचं, आणि वर म्हणायचं गायच बाद...”

इथे ती थांबली. पाना हातात, तोंड अर्धं उघडं. शोनाला वाटलं हिला कळ आली. ती धावत आली आणि बरी आहेस ना म्हणून विचारू लागली.

“बरी आहे,” लॉरेल म्हणाली. “मूर्ख आहे, पण बरी आहे.”

बेचाळीसवर गायी दहा मिनिटांत शांत उभ्या राहिल्या. शोनाने चहाबरोबर स्कोन दिले. लॉरेल इतकी हसतमुख होती की ड्वायर दांपत्याला बिल जास्त येणार अशी शंका आली.

शुक्रवारी तिने फोन केला नाही. सुजलेल्या सडांना ती जे सांगते तेच तिने स्वतःला लावलं: काही दिवस पूर्ण विश्रांती, रोज मलम. मंगळवारी सकाळी बस गेल्यावर तिने राखाडी यंत्र घेतलं. सर्वांत खालची पायरी. दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं, आणि पायरीला हात लावायचा नाही, काहीही झालं तरी. वही स्वयंपाकघरात ठेवली. पहिली काही मिनिटं काहीच नव्हतं, पण दुखतही नव्हतं. मग कोमटसर काहीतरी जाणवलं. ते पळून जाईल म्हणून ती हललीच नाही. ते गेलं नाही. वाढत गेलं.

किती वेळ लागला ते तिला सांगता येत नाही, कारण घड्याळ बघायचं राहिलं. तिच्या नोंदवहीत मिनिटांचा रकाना रिकामा असलेली ती एकच चाचणी. परिणामाच्या रकान्यात लिहिलंय, “होय.” पूर्वीइतकं मोठं नव्हतं, ती सांगते, पण तेच होतं, ओळखीचं. नंतर ती बराच वेळ पाठीवर पडून छताकडे बघत राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. बाहेर वाऱ्याने पत्र्याची टाकी वाजत होती. तिने दोन टोस्ट भाजून खाल्ले आणि नेव्हची वाट बघत बसली. तिन्ही यंत्रं तिने टेबलावर मांडून ठेवली होती.

साडेनऊला नेव्ह आत आला, टोपी काढली आणि टेबलाकडे बघितलं.

“हे काय, सुटे भाग?”

तिने त्याला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. कंबर कधीच दुखत नव्हती, गोळ्या सोडणार होते, हे बंद पडलं असं वाटलं होतं, तसं नाही. नेव्हने टोपी टेबलावर ठेवली.

“मला वाटलं,” तो म्हणाला, “ऑपरेशननंतर मी तुला बघायचो ते तुला आवडत नाही. म्हणून गेलो मागे.”

“मला वाटलं तुला बघवत नाही.”

“छे,” नेव्ह म्हणाला. एवढंच. मग त्याने वही ओढली, चष्मा लावला आणि तीन आठवड्यांच्या नोंदी पहिल्या पानापासून वाचल्या. “तीस वर्षांत माझ्याबद्दल एवढं लिहिलं नाहीस कधी.”

“तू कधी तपासून घेतलं नाहीस.”

त्याने राखाडी यंत्र उचलून बॅटरी किती चालते ते विचारलं. दीड तास, ती म्हणाली. वाईट नाही, तो म्हणाला, आणि किटली ठेवायला उठला. त्या आठवड्यात उशी परत आली.

सहा आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी लॉरेल ब्रॉनवेनपुढे बसली आणि तिने एक पानभर लिहिलेला कागद ठेवला. तिन्ही यंत्रांची तुलना, तिच्या अक्षरात. ओढ किती आहे हे विचारू नका, सर्वांत खालची पायरी किती हळू आहे ते विचारा. तोंडाचं माप प्रत्येकीचं वेगळं, रुंद तोंड लहान बाईला बसत नाही आणि हवा निसटते. टणक कड पातळ त्वचेला लागते. त्वचेला टेकल्यावरच सुरू होणारं बिघडलेलं नसतं. घरात कुणी असेल तर गुलाबी घेऊ नका. दुखलं तर थांबा, वाढवू नका. काळ्याबद्दल एवढंच लिहिलं होतं की ते चांगलं यंत्र आहे, आपल्यासारख्यांसाठी नाही. ब्रॉनवेनने दोनदा वाचून एक प्रत मागितली. बाकीच्या बायकांना देता येईल, नाव काढून.

“नाव राहू दे,” लॉरेल म्हणाली. “माझ्या सहीशिवाय इथे कोण विश्वास ठेवणार?”

गोळ्यांचं ब्रॉनवेनने शेवटी विचारलं, जपून. लॉरेलने सांगितलं की एकही चुकलेली नाही, आणि उरलेली दोन वर्षं घेणार आहे. ब्रॉनवेनने खुर्चीत मागे टेकून श्वास सोडला. तेव्हा लॉरेलच्या लक्षात आलं की हिलाही सहा आठवडे घोर होता.

पुढची तपासणी ऑक्टोबरमध्ये. ब्रॉनवेनने पडद्यावर तारखा बघितल्या आणि बुधवारी सकाळी नऊ चालेल का विचारलं.

“बुधवार सकाळ सोडून कुठलीही दे,” लॉरेल म्हणाली. “बुधवारी नेव्ह बदली ड्रायव्हर पाठवतो.”

ब्रॉनवेनने मान वर न करता गुरुवार टाकला.