धोनमनिकूची जागा आणि माझा माड

आमच्या बेटावर मासे कुठे लागले हे कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर खरं कोणी सांगत नाही. दक्षिणेला टूना लागला की आम्ही उत्तरेकडे हात करतो. याला आम्ही खोटं म्हणत नाही, संस्कार म्हणतो. बंदरावर दोरीच्या खुर्च्यांत सुपारी चघळत बसलेल्या सगळ्यांना हे ठाऊक असल्यामुळे हात उत्तरेकडे दिसला की होड्या दक्षिणेला सुटतात. मी एकदा भोळेपणाने खरी दिशा सांगितली, तर तीन होड्या उलट्या बाजूला जाऊन दिवसभर उपाशी फिरल्या. तेव्हापासून मी बेटावरचा सर्वांत लबाड माणूस गणला जातो.

खरा लबाड धोनमनिकू. आयुष्यभर टूना धरला, आणि आता माझ्या होडीचं सुकाणू धरतो. मी पाहुण्यांना पाठीला हवेच्या टाक्या बांधून पाण्याखाली प्रवाळात नेणारा वाटाड्या. माझ्या पोटामुळे समुद्र मला आत घ्यायला राजी नसतो, म्हणून कमरेला इतरांच्या दुप्पट शिसं बांधावं लागतं. पाण्यात पडलो की मासे आधी पळतात, मग पाहुणे म्हणतात, इथे मासेच नाहीत.

धोनमनिकूची मात्र एक जागा होती. बाहेरच्या प्रवाळाच्या कडेला कुठेतरी एक उंचवटा आहे आणि तिथे खोलीएवढे पाकट मासे अंग साफ करून घ्यायला येतात. शुक्रवारच्या नमाजाआधी आम्ही न्हाव्याकडे बसतो तसे ते तरंगत थांबतात आणि बारके मासे त्यांचं अंग टिपतात. धोनमनिकूने हे होडीतूनच पाहिलेलं. पाण्याखाली तो कधी गेला नाही. "मासा वर येतो ना? मग मी कशाला खाली जाऊ?" म्हणायचा. जागा दाखव म्हटलं की, "बघू पुढच्या चंद्राला." अलीकडे वर्षभर तर विषयच टाळत होता.

मग त्याची मुलगी रऊफा राजधानी मालेहून स्कूबा डायव्हिंगची शिक्षिका होऊन आली. एका रिसॉर्टने तिला नोकरी देऊ केली होती आणि उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. तिची आई गेल्यापासून घरात धोनमनिकू आणि एक मांजर. मांजरही जेवायला माझ्याकडे येतं.

"बप्पा," रऊफा बापाला म्हणाली, "ती जागा खरी असेल तर मी इथेच शाळा काढते. नुसत्या गोष्टी ऐकायला पाहुणे येत नाहीत."

धोनमनिकू होडीकडे चालू लागला. आम्ही मागोमाग.

आधी त्याने बेटाला उलटा वळसा घातला, कोणी पाठलाग करत असेल तर चकवायला. पाठलाग करायला एक बगळासुद्धा नव्हता. मग कडेशी थांबून म्हणाला, "इथे." रऊफा आणि मी खाली गेलो. वाळू, आणि वाळूत समुद्रकाकडी नावाचा एक सुस्त प्राणी, तोही पाठ फिरवून. थोडं पुढे जाऊन तो पुन्हा म्हणाला, "इथेच." तिथे मला माझीच गेल्या ईदला हरवलेली चप्पल सापडली.

"साजिदबेबे," वर आल्यावर रऊफा मला म्हणाली; बेबे म्हणजे आमच्याकडे थोरला भाऊ, "हा पाकट तुमच्याच मापाचा दिसतोय."

धोनमनिकू इंजिन बंद करून बेटाकडे बघत बसला.

"बप्पा, जागा आहे का नाही, एवढंच सांगा."

आसपास चिटपाखरू नव्हतं, तरी तो कुजबुजला. "कडेकडेनं जायचं. मशिदीचा मिनार माडाच्या मागे लपला, की थांबायचं."

"कुठला माड?"

"ह्याचा," म्हणून त्याने माझ्याकडे बोट केलं.

माझा माड गेल्या वर्षी वादळात माझ्याच स्वयंपाकघरावर पडला होता. सगळं बेट हसलं आणि शहाळी पिऊन गेलं. एकटा धोनमनिकू खोडावर बसून रडला. असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं मी वर्षभर सांगत फिरलो. माझी बायको झुलेखा तेव्हाच म्हणाली होती, "त्या स्वयंपाकघरात त्याला कधी धड खायला मिळालं नाही. तो कशाला रडेल?"

"मग खूण गेली हे तेव्हाच सांगायचं ना," मी धोनमनिकूला म्हणालो.

"सांगितलं असतं तर जागा सांगितल्यासारखंच झालं असतं की."

रऊफा म्हणाली, "माडाच्या उरलेल्या बुंध्यावर कोणी काठी धरून उभं राहिलं तर?"

"सगळं बंदर बघेल."

"बघू दे ना, बप्पा."

धोनमनिकूने सुपारी समुद्रात थुंकली. मग तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "पिवळं कापड लाव. पिवळं लांबून दिसतं."

घरी आलो. खाली जाणाऱ्याला जोडीदार लागतोच. झुलेखा पाण्याखाली जायला माझ्याकडूनच शिकली आणि माझ्या निम्म्या हवेत भागवते. टाकी उचलत ती म्हणाली, "तुम्ही माड व्हा. मी जाते."

तर मी माड झालो. बुंध्यावर स्टूल, स्टुलावर मी, हातात टूना धरायची लांब काठी आणि काठीला झुलेखाचा ईदचा पिवळा झगा. बंदर खुर्च्या सोडून माझ्या परसात आलं.

"साजिद, शहाळी कधी धरणार?"

"वाकू नकोस रे, माडाला कंबर नसते."

एक कावळा काठीवर येऊन बसला, म्हणजे निदान त्याची तरी खात्री पटली. दूर होडी कडेकडेने सरकली आणि थांबली. पुढे काय झालं ते मला दिसलं नाही. झग्याची बाही डोळ्यांवर येत होती.

होडी परतली तेव्हा झुलेखा गप्प होती. आमच्या लग्नानंतर हे प्रथमच. तिने दोन्ही हात पूर्ण पसरले, मग मान हलवली. तेवढे पुरत नव्हते.

"काय रे, कुठे आहे ती जागा?" बंदराने धोनमनिकूला मुद्दाम विचारलं. त्याचा हात सवयीने उत्तरेकडे उठला. रऊफाने नुसतं पाहिलं. हात हवेत थांबला आणि सावकाश दक्षिणेकडे वळून बरोबर जागेवर स्थिरावला.

दुसऱ्या दिवशी दोन होड्या उत्तरेला गेल्या.

रऊफाने रिसॉर्टला नकार कळवला आणि मला म्हणाली, "साजिदबेबे, उद्या सकाळीही माड लागेल."

धोनमनिकूने माझ्या परसात माडाचं रोप लावलंय. रोज स्वतः येऊन पाणी घालतो आणि माझ्याकडे बघून हिशेब केल्यासारखी मान डोलावतो. रोप आता माझ्या गुडघ्याला लागतं. पाकट मी अजून पाहिलेला नाही.