सगळ्या ओळी तिच्याच नावावर

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. आधी बटाटे उकडून कुस्करायचे, कारण बापाच्या तोंडात दात नव्हते. बाप गवंडी. आयुष्यभर विटा सरळ लावल्या, दात मात्र एकेक ढासळले.

पोरगी ऑफिसात प्रोग्रॅम लिहायची. तिथे तिला सगळे ‘ओळंबा’ म्हणत, भिंत सरळ आहे का ते दाखवणारा गवंड्याचा लंबक; तिला वाकडी ओळ खपतच नसे. सहा महिने भरत आले होते. तिला कायम करायचं की नाही, ते शुक्रवारी ठरणार होतं.

प्रोग्रॅम नऊ वर्षांचा, सात जणांच्या हातचा. कुणी ऐसपैस लिहिलेलं, कुणी दाटीवाटीनं. तिनं सुचवलं, “सगळ्यांचं लिखाण आपोआप एका वळणात आणणारं साधन बसवू.”

ऑफिसातलं जुनं खोड म्हणजे दादा. तो म्हणाला, “अगं, माझे रकाने मी हातानं जुळवलेत!”

“छानच आहेत, दादा. पण ते जपण्यात अर्धा दिवस जातो.”

मॅनेजरबाई म्हणाल्या, “कर.”

सोमवारी तिनं एकाच फटक्यात चाळीस हजार ओळी सरळ केल्या. चार सेकंद लागले. घाम न येता झालेल्या कामावर तिचा विश्वास नव्हता, आणि तेच खरं ठरलं. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली, याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. आता प्रत्येक ओळीपुढे तिचंच नाव होतं.

मंगळवारी बाईंच्या यादीत एकतीस चुका निघाल्या. एकतीसही तिच्या नावावर.

“बाई, ही सात वर्षांपूर्वीची आहे! तेव्हा मी शाळेत होते.”

“नोंद तुझं नाव सांगते. यादी शुक्रवारी वर जाणार.”

दादा हसला, “ओळंब्या, सगळ्या गावाची पापं घेतलीस की अंगावर!”

घरी बापानं ऐकलं. म्हणाला, “गिलावा तुझा, भिंत त्यांची. गिलावा खरवडून बघायची सोय असेल की.”

होती. सोमवारचा तो एक बदल मोजू नका, असं एका फाइलीत लिहायचं आणि ती फाइल वाचायला प्रत्येकाच्या मशीनला एकदा सांगायचं. बुधवारी सात मशीनांपुढे बसून तिनं ते केलं. पापं आपापल्या घरी परतली. एकोणीस दादाची निघाली. एक चूक खरोखर तिची. ती तिनं आधी दुरुस्त केली.

दादा खुर्ची ओढून जवळ बसला. “ते साधन माझ्याकडेही चालू करून दे. आणि हसू नकोस.”

शुक्रवारी ती कायम झाली. पहिल्या पूर्ण पगारात बापाची कवळी आली. त्यानं आरशात डावीउजवीकडून तपासली.

“ओळीत आहे,” म्हणाला, आणि सफरचंद मागितलं. अख्खं.