शिवणीच्या फळीवरची पटाशी

बाबांचे हात थरथरायला लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या बेस गिटारचं धड फुटलं.

आमचा ऑर्केस्ट्रा लहान आहे. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, लग्नं, असे कार्यक्रम आम्ही करतो. एरवी मी एका सरकारी कार्यालयात फायली पुढे सरकवतो आणि सुटीच्या दिवशी चार जाड तारांवर बोटं फिरवतो. एका लग्नात स्टेजची फळी खचली. मी सावरलो, गिटार खाली आपटली. मान शाबूत राहिली, धड उभं चिरलं. मी ठरवलं, मान, पिकअप, ब्रिज सगळं जुनंच ठेवायचं आणि धड तेवढं घरी घडवायचं. कुही गावच्या मामांनी बांधावरचं शिवणीचं झाड पाडलं होतं, त्याच्या दोन फळ्या आमच्या जिन्याखाली कित्येक वर्षं वाळत पडल्या होत्या. शिवण हलकी असते, पटाशीखाली लोण्यासारखी सुटते आणि एकदा वाळली की वाकत नाही. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. बाबांनी आयुष्यभर सुतारकाम केलं. हुडकेश्वरच्या आमच्या भागात जुन्या घरांचे निम्मे दरवाजे त्यांच्या हातचे आहेत.

मला मात्र त्यांनी हे काम शिकवलं नाही. मी सातवीत होतो तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत उरल्यासुरल्या लाकडाचं एक स्टूल केलं होतं. संध्याकाळी बाबांनी ते अंगणात मांडलं. चौथा पाय टेकत नव्हता. त्यांनी आजूबाजूच्या घरांतल्या माणसांना हाका मारून बोलावलं आणि एकेकाला त्यावर बसवलं. माणूस डुगडुगला की बाबा हसायचे.

"पाहा, माह्या पोरानं झुला बनवला."

सगळ्यांची हौस फिटल्यावर त्यांनी ते स्टूल चुलीसाठी आईला दिलं. आईने ते फोडलं आणि त्यावर भाकरी भाजल्या. मी त्या खाल्ल्या.

तर गिटारचं काम मी मागच्या पडवीत सुरू केलं. दोन्ही फळ्या रंध्याने सपाट करून शेजारीशेजारी चिकटवल्या, शिकंज्यात आवळून दोन दिवस ठेवल्या. जुन्या धडाचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. बाबांची प्लास्टिकची खुर्ची पहिल्याच दिवशी पडवीच्या दारात आली. हत्यारं त्यांचीच होती, त्यांच्या पेटीतून मी न विचारता काढलेली. त्यांचा उजवा हात मांडीवर एकसारखा हलत असायचा, जणू सुपारी घोळवताहेत. तोंड मात्र थरथरत नव्हतं.

"लाकडाची रेषा पाह्य अगोदर. उलट्या रेषेनं रंधा मारून राहिला तू."

बरोबर असायचं त्यांचं. मी रंधा तसाच उलटा मारत राहायचो. लाकडाचे टवके निघायचे, मग मला तासभर घासून काढावे लागायचे. पण त्यांचं ऐकून सोपं करून घेण्यापेक्षा मला ते बरं वाटायचं.

धडाला मान जिथे बसते तो खाचा सगळ्यात अवघड. तो केसभर जरी मोठा झाला तरी मान हलते आणि सूर बिघडतो. मी मशिनने तो बराचसा कोरून घेतला, कोपरे तेवढे पटाशीने साफ करायचे राहिले. त्या आठवड्यात बाबा रोज एकच म्हणायचे, "मले दे एक डाव. कोपरे मी काढून देतो." मी रोज म्हणायचो, "राहू द्या, बाबा." हातांचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो.

रविवारी ऑर्केस्ट्रातले तिघं पाहायला आले: गायक, कीबोर्डवाला आणि ढोलकीवाला. बायको पडवीच्या दुसऱ्या टोकाला भाजी निवडत बसली होती. तिघांनी धड हातात घेऊन फिरवून पाहिलं, कौतुक केलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "कोपरे पाहा त्याचे. उंदरानं कुरतडल्यावाणी आहेत."

तिघं हसले. मीही हसलो.

गायक सहज म्हणाला, "काका, मग तुम्हीच करून दाखवा ना."

बाबांना दिवसातून तीनदा गोळी लागायची. दुपारची गोळी एक वाजता. आधीच्या गोळीचा अंमल साडेबाराच्या सुमारास पार उतरायचा, तेव्हा त्यांना पाण्याचा पेलाही धरता यायचा नाही. हे घरात मला सगळ्यात चांगलं माहीत होतं, कारण डॉक्टरांकडे मीच न्यायचो. मी दारातून आतल्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबाराला पाच मिनिटं कमी होती. शेजारी शिवणीचा एक उरलेला तुकडा पडला होता. तो द्यावा, असं मनात आलं नाही असं नाही. मी धडच शिकंज्यात आवळलं, पटाशी आणि लाकडी हातोडा बाबांसमोर धरला आणि म्हणालो, "घ्या. दाखवा यांले."

ते उठले. पटाशीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिली. मग वाकले. काय झालं कोणास ठाऊक, हत्यार हातात येताच त्यांचा हात हलायचा थांबला. पहिला ठोका स्वच्छ बसला. दुसराही. कोपऱ्यातून पातळ, नीट वळलेली साल निघाली. ढोलकीवाला "वा" म्हणाला. माझी फार निराशा झाली. ती निराशा मला अजून जशीच्या तशी आठवते.

तिसऱ्या ठोक्याला पटाशी घसरली. खाच्याच्या कडेपासून धडाच्या दर्शनी भागापर्यंत बोटभर लांबीची कपची उडाली. बाबांच्या डाव्या अंगठ्यावर रक्ताची रेघ उमटली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. खाली बसून ती कपची शोधली आणि परत जागेवर लावू लागले. बोटं इतकी उडत होती की कपची दर वेळी खाली पडायची. ते पुन्हा उचलायचे.

"सरेस आन गा," ते म्हणाले. "बसते हे. दिसणार नाही."

मी तिघांकडे वळलो. "हे आपल्या हुडकेश्वरचे नावाजलेले मिस्त्री," म्हणालो. कीबोर्डवाला भिडेखातर हसला. मग मी बाबांना म्हणालो, "सरेस काहून? चुलीत टाकू ना."

आमच्या घरातून चूल जाऊन किती तरी वर्षं झाली होती. बाबांनी मान वर केली. त्यांना समजलं होतं, हे मला दिसलं.

बायको उठली. तिने त्यांच्या हातातून पटाशी काढून घेतली, त्यांना धरून आत नेलं, अंगठा धुतला, गोळी दिली. पाहुणे चहा न घेताच निघाले. ती बाहेर आली तेव्हा मी ब्रशने लाकडाचा भुसा झाडत होतो.

"तुम्ही घड्याळ पाहिलं होतं," ती म्हणाली. "मी इथंच बसली होती. मले दिसलं."

मी भुसा झाडत राहिलो. ती पुन्हा त्या विषयावर कधी बोलली नाही, पण त्यानंतर बाबांच्या गोळ्यांचा डबा तिने स्वतःच्या कपाटात ठेवला.

बाबा पडवीत यायचे थांबले. चार-पाच दिवसांनी मी कार्यालयातून आलो तर त्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेला एक सुतार ओसरीवर बसला होता. समोर हत्यारांची पेटी. बाबांनी सगळं त्याला देऊन टाकलं होतं. मला पाहून ते उठले, भिंतीला धरत पडवीत गेले, माझ्या टेबलावरची पटाशी आणि रंधा उचलून आणला, पेटीत टाकला.

"बाबा, माझं काम अर्धं आहे," मी म्हणालो.

"याले कामाची कदर आहे," ते त्या सुताराकडे बोट दाखवत म्हणाले. बोट हलत होतं, पण रोख चुकला नव्हता. तो बिचारा खाली पाहत राहिला, मग पेटी स्कूटरवर बांधून घेऊन गेला.

मी सीताबर्डीच्या बाजारातून नवी हत्यारं आणली. कपची बाबांकडेच राहिली की केरात गेली, मी विचारलं नाही. खड्डा पुट्टीने भरला, पॉलिशखाली तो डाग पिवळट दिसतो. खाचा सैल झाला होता, तिथे लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून मान बसवली. गिटार वाजते. खालचे सूर गोल येतात. लोक विचारतात की घरी केली का, आणि मी हो म्हणतो.

बाबांना आता शर्टाची बटणंही लावता येत नाहीत. ती मी लावतो, दाढीही मीच करतो. मागच्या महिन्यात त्यांच्या गालाला साबण लावताना मी म्हणून टाकलं, "त्या रविवारी मी मुद्दाम दिली होती तुम्हाले पटाशी."

ते समोर पाहत राहिले.

"काय म्हणून राहिला?" ते म्हणाले. "ऐकू नाही येत मले आजकाल."

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने. त्यांनी तेच उत्तर दिलं. त्यांचे कान ठणठणीत आहेत. मागच्या गल्लीत भाजीवाला आला तरी घरात सगळ्यांच्या आधी त्यांना कळतं.