जैतूनबीची गजल, रज्जाकभाईंचा रुमाल

चूक प्रस्तुत लेखकाचीच. सोलापुरातल्या एका छापखान्यात टायपिंग करणाऱ्या या शहाण्याने रज्जाक बागवान यांच्या गजलांच्या पुस्तिकेवर, कुणालाही न विचारता, त्यांच्या बहिणीचं नाव घातलं आणि दोनशे प्रती छापून टाकल्या.

रज्जाकभाई मुशायऱ्यातले गाजलेले गडी. बायकांच्या बोलीत पुरुषांनी गजल म्हणायची जुनी रीत आहे. भाई डोक्यावर रुमाल घेऊन, मान वेळावून अशी काही म्हणायचे की हॉल हसून आडवा व्हायचा. पुस्तिका देवनागरीत हवी होती, म्हणून वहीतलं उर्दू वाचून दाखवायला बहीण आली. जैतूनबी. साठीची, विड्या वळून बोटांची टोकं तपकिरी झालेली. सांगता सांगता एका ओळीवर थांबली आणि दोन शब्द बदलून दिले. भावाच्या गजलेत तुम्ही कसा हात घालता, असं लेखकाने थट्टेनं विचारलं. तिने वही मिटली आणि पुढची ओळ तोंडपाठ सांगितली. तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. दुर्दैवाने.

समारंभात भाईंनी पुस्तिका उघडली, नाव पाहिलं, रुमाल डोक्यावर घेतला आणि नेहमीचीच गजल म्हटली. चाळीस वर्षं नवरा ताटावरून मान वर करून बघत नाही, अशी तिच्यात तक्रार. एरवी या ओळीला शिट्ट्या पडायच्या. आता लोकांच्या हातात नाव होतं, आणि त्या नावाची बाई पडद्यामागे बसलेली होती. कुणी हसलं नाही. वाहही आली नाही.

भाईंनी त्यानंतर म्हणणंच सोडलं.

लेखक माफी मागायला गेला, तेव्हा जैतूनबी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. पुढच्या वेळी तुम्हीच म्हणा की, असं त्याने मोठ्या मनाने सुचवलं.

"नक्को बाबा," हात न थांबवता ती म्हणाली. "परदे के पिच्छे बैठ के सुनती थी मैं. वाह वाह हुई तो दो दिन हात हलका चलता था. अब क्या सुनूँ?"

रागावली असती तर बरं झालं असतं. तिने एक विडी दोऱ्याने बांधली, दुसरी घेतली. मग त्याच सुरात एक नवी गजल सांगितली आणि त्याला लिहून घ्यायला लावली.

"भाई का मूँ तूइच बंद किया. अब तूइच बोल."

लेखकाने कबूल केलं. त्यानंतर दोन मुशायरे झाले. दोन्ही वेळा कागद खिशात होता, रुमालही होता. दोन्ही वेळा नाव पुकारायच्या आधी हा शहाणा मागच्या रांगेतून चहाला निघून गेला. जाताना पडद्याजवळच्या बायकांच्या चपलांत तिची चप्पल त्याला दिसली होती, तुटक्या पट्ट्याला विडीचा दोरा बांधलेली.