टॅनरी लेनच्या गोलापुढचं गवत

थॉर्नक्लिफ रोव्हर्स हा फुटबॉल क्लब चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. त्याच कारखान्याच्या भट्ट्यांची राख टाकून टाकून टॅनरी लेनच्या मैदानाभोवती उतार तयार झाले, आणि त्या उतारांवर उभं राहून गावाच्या चार पिढ्या भिजल्या, बोंबलल्या. मेल्यावरही त्यांना तिथेच यायचं असायचं. घरचे लोक त्यांची राख घेऊन यायचे, गोलाच्या तोंडाशी पसरायचे, डोळे पुसून निघून जायचे. मागचं निस्तरायचं कोणी? नॉर्मन हॅडफिल्डने. तो मैदानाचा माळी.

आता माणसाची राख म्हणजे काही खत नव्हे. पडली तिथलं गवत जळतं, आणि नेमकं गोलकीपरच्या पायाखालचं. क्लबवाल्यांना सांगून उपयोग नव्हता. सुतकातल्या माणसाला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नसे. मग नॉर्मनने आपल्यापुरती वाट काढली. मंडळी फाटकाबाहेर पडली की खराटा आणि फावडं घ्यायचं, राख भरायची आणि स्टँडमागच्या कापलेल्या गवताच्या ढिगावर टाकायची. तो ढीग पुढे ट्रकमधून गावाच्या कचऱ्यात जायचा. परक्यांचं त्याला फारसं काही वाटलं नाही. पण हॅरल्ड टॅटरसॉल परका होता का? मध्यंतरात दोघं वर्षानुवर्षं एकाच कागदातली गरम पॅटिस खायचे. तरीही शनिवारी मोठा सामना होता, म्हणून हॅरल्डची राख आली तेव्हा नॉर्मनने तीही भरली. आधी टोपी काढली म्हणे. टोपी काढली म्हणून काय झालं, फावडं तर चाललंच ना!

हॅरल्डची बायको आयरीन तेव्हापासून दर नाताळला नॉर्मनकडे केक पाठवायची, ‘ह्यांच्याकडे लक्ष ठेवतोस म्हणून.’ तो केक त्याला कधी गोड लागला नाही.

पुढे क्लब कर्जात बुडाला. मैदान सुपरमार्केटवाल्यांनी घेतलं आणि हमरस्त्याला लागून नवं स्टेडियम उभं राहिलं. शेवटचा सामना संपला तसे लोक आत घुसले आणि आठवण म्हणून हिरवळीचे तुकडे खणू लागले. आयरीन केक भाजायचा ट्रे घेऊन आली आणि थेट गोलापाशी गेली.

“माझ्याच्याने खणवत नाही रे. तू काढून दे,” ती म्हणाली.

नॉर्मनने कुदळ हातात घेतली. आता सांगायचंच, असं ठरवून त्याने तोंड उघडलं. “आयरीन, ऐक. हॅरल्ड इथे...”

“इथेच आहे, माहितीये मला,” ती म्हणाली. “माझा भाऊ युद्धात समुद्रात गेला. आई मरेपर्यंत विचारत होती, तो आहे तरी कुठे? माझं तसं झालं नाही, ते तुझ्यामुळे.”

नॉर्मनने हिरवळीचा चौकोन कापला, ट्रेमध्ये ठेवला आणि तिच्या परसात नेऊन लावूनही दिला. तेवढ्यावर सुटला नाही बिचारा. बिचारा तरी कशाला म्हणायचं! गवत जगवणं तिला जमेना, म्हणून दर शनिवारी नॉर्मन जायचा, गुडघे टेकून कात्रीने ते कापायचा. आयरीन चहा आणायची आणि म्हणायची, “काय झालं आज ते सांग की त्यांना. वाट बघत असतील.” मग नॉर्मन त्या रिकाम्या मातीला सामन्याचा निकाल सांगायचा. आयरीन शेजारी बसून ऐकायची, आणि त्या वेळी तिचा चेहरा इतका शांत असायचा की तो नजर वळवून पुन्हा कात्री चालवायला लागायचा.

एका शनिवारी रोव्हर्सना चार गोल बसले. नॉर्मनने निकाल सांगितला आणि उठलाच नाही. त्याचे डोळे भरून आले.

“माफ कर, हॅरल्ड,” तो म्हणाला. “माझं चुकलं रे.”

आयरीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“वेडा आहेस का? रोव्हर्स हरले त्यात तुझा काय दोष?” ती म्हणाली. “तू तर बाबा फक्त गवत सांभाळलंस.”