पुसट मुद्रेखालचं नाव

मिलिंद गेल्याचं सांगायला त्याच्या बायकोचा, स्वातीवहिनींचा, फोन आला तेव्हा मी इथे जर्मनीत वाल्डॉर्फच्या बसस्टॉपवर उभा होतो. लुडविग्सहाफेनच्या प्रयोगशाळेत, काम करता करता, बसल्या जागी गेला. वहिनी रडत होत्या, मी “निघालोच मी, वहिनी” म्हणत होतो आणि त्याच वेळी मनात आलं, आता खिडकीजवळचं टेबल रिकामं होईल... सहा आठवड्यांनी हे लिहिताना लाज वाटते. पण मिलिंदबद्दल लिहायचं आणि हेवा लपवायचा, तर न लिहिलेलंच बरं.

ते टेबल आमच्या गावातल्या छोट्या संग्रहालयातलं. दर शनिवारी सकाळी आम्ही चार-पाच हौशी माणसं तिथे हेर क्राऊस या निवृत्त कारागिराच्या हाताखाली कायमच्या निकामी केलेल्या जुन्या लष्करी रायफली साफ करतो. मिलिंदला तिथे नेलं मीच. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच. त्याचे वडील पुण्यात फिटर होते, त्यामुळे लोखंड कसं धरायचं ते त्याला शिकवावं लागलं नाही. तीन महिन्यांत हेर क्राऊस त्याला ‘मिलिंद’ म्हणू लागले. मी आठ वर्षं जातोय, अजून ‘हेर जोशी’च, म्हणजे ‘श्रीयुत जोशी’च आहे. माझ्या बायकोने केलेले बेसनाचे लाडू मी डब्यातून न्यायचो आणि म्हातारा पहिला लाडू मिलिंदला द्यायचा!

मिलिंदची एक सवय होती. रायफल हातात आली की तो आधी तिच्यावरच्या कारखान्याच्या मुद्रेवर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल घासायचा, आपण लहानपणी नाण्याचा छाप काढायचो तसा. तो कागद फाइलला लावायचा आणि मगच तेलाचा बोळा हातात घ्यायचा. एका रायफलीवरची मुद्रा अगदीच विरली होती. मी म्हटलं, “कोरणीने जरा उठाव देऊ या. लोकांना दिसायला नको का?”

“दिसते की. अरे, लाइट कडेने धर ना... आता बघ. ज्याने ठोकली त्याचा हात आहे हा. तू कोरलंस की तुझा होईल.”

“आणि पार पुसून गेली तर?”

“तर गेली. तोवर आपण तेल लावायचं.”

हेच त्याने जर्मनमध्ये हेर क्राऊसना सांगितलं. ते म्हणाले, “गेनाऊ, मिलिंद, गेनाऊ.” म्हणजे अगदी बरोबर. इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला एकही ‘गेनाऊ’ आलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या शनिवारी मी सगळ्यांच्या आधी गेलो आणि कोरणी चालवली. मलाही येतं, एवढंच म्हाताऱ्याला दाखवायचं होतं. दुसऱ्याच अक्षरावर कोरणी घसरली आणि मुद्रेवर आडवा ओरखडा उठला. हेर क्राऊस मिलिंदबरोबर आले, रायफल पाहून पांढरेफटक पडले. “कोणी केलं हे?” मिलिंदने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “मी.” पुढे दोन वर्षं त्यांनी त्याला मुद्रांना हात लावू दिला नाही. तो आपला लाकडी दस्त्यांना जवसाचं तेल चोळत बसायचा. मला एका शब्दाने टोचून बोलला नाही. मला तर तेही सहन होईना. गुन्हा माझा आणि मोठेपणा त्याचा! शिवाय खिडकीजवळचं टेबल त्याचंच राहिलं आणि म्हाताऱ्यासाठी तो ‘मिलिंद’च राहिला.

मागच्या पंधरवड्यात वहिनींनी त्याची फाइल माझ्या हातात ठेवली. “तुमचं शनिवारचं काहीतरी आहे, भावोजी.” त्यात त्या रायफलीचा कागद निघाला. मुद्रा विरलेली, पण ओरखड्याआधीची, अख्खी. खाली पेन्सिलीने जर्मनमध्ये लिहिलेलं: ओरखडा माझ्या हातून, मिलिंद. ते नाव आता पुसट झालं होतं. एकदा गिरवावं म्हणून माझा हात शिवशिवला... नाही गिरवलं. त्याच्याखाली पेनने लिहिलं की ओरखडा माझा, आणि माझं नाव घातलं.

शनिवारी तो कागद हेर क्राऊससमोर ठेवला. ते बराच वेळ वाचत राहिले. “दोन वर्षं...” एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून डोळे पुसले. मग कागद माझ्याकडे सरकवत आभार मानले, “डांके, हेर जोशी.”

खिडकीजवळच्या टेबलावर मी बसत नाही. तिथे ती फाइल असते. नवी रायफल आली की मी तिथे उभ्याउभ्याच कागद ठेवतो, पेन्सिल घासतो. ठसा मात्र अजून त्याच्याइतका स्वच्छ येत नाही.