चुंबकाच्या खोलीत इष्टलिंग

डॉ. महानंदाताई बिरादार यांची आणि माझी ओळख झाली ती खटकचिंचोळीच्या माझ्या शरणम्माकाकूंमुळे. काकूंचे पाय दिवसेंदिवस लुळे पडत होते. कलबुर्गीच्या सर्जनांनी सांगितले, कण्यात नेमके कुठे दाबले जात आहे ते दिसल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येणार नाही, आणि उशीर झाला तर पायांत पुन्हा बळ येणार नाही. त्याच दुपारी आम्ही ताईंच्या एमआरआय केंद्रात पोचलो.

काकूंनी जोडवी, बांगड्या निमूटपणे काढून दिल्या. गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे तंत्रज्ञाने बोट दाखवताच मात्र त्यांनी ती मुठीत धरली. लिंगायत दीक्षेपासून त्या डबीतले इष्टलिंग त्यांच्या अंगावेगळे झाले नव्हते. त्यांचा मुलगा वैतागला, "अव्वा, पाय पायजेत का न्हाई तुला?"

"पाय गेले तर बसून खाईन. लिंग उतरवायचं न्हाई."

गडबड ऐकून ताई बाहेर आल्या आणि काकूंच्या चाकाच्या खुर्चीशी स्टूल ओढून बसल्या. "अक्का, लिंग कुणी मागंना. डबी तेवढी अडायलीय," त्या म्हणाल्या. त्यांनी खिशातले छोटे चुंबक डबीजवळ नेले. डबीच्या लोखंडी कडीला ते चटकन चिकटले. मग काकूंनी स्वतःच्या हाताने लिंग काढून डाव्या तळहातावर घेतले. ताईंनी त्याला स्पर्श न करता चुंबक सगळ्या बाजूंनी फिरवले. ते कुठेच ओढले गेले नाही. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून, पूजेला धरतात तसे तळहातावर ठेवूनच काकू आत जातील, असे ठरले.

"आन् आत काय करती ही मशीन?" काकूंनी विचारले.

"अंगात पाणी लई अस्तंय, अक्का. हे मोठं चुंबक त्या पाण्यातल्या बारीक कणांना एका वळणावर लावतंय. मग मशीन रेडिओवानी लहरी सोडून त्यांना हलवती. लहर थांबली की कण जाग्यावर येतात आन् येता येता खूण देतात. त्या खुणांचं चित्र व्हतंय. चिरायचं न्हाई, एक्स-रेचे किरण बी न्हाईत. फकस्त हलायचं न्हाई. आवाज लई करती."

"माझ्या लेकापेक्षा?" काकूंनी विचारले, आणि मुलगाही हसला.

चित्र आल्यावर ताईंनी आम्हा नातेवाइकांना बाजूला नेले नाही. पडदा काकूंकडे वळवून त्यांनी दाखवले: कण्यातून उतरणारी पाण्याची पांढरी रेघ एका मणक्यापाशी दबून तुटल्यासारखी झाली होती. मज्जारज्जू तिथेच चेपला होता. स्वतः फोन करून त्यांनी सर्जनांना जागा सांगितली. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली.

हा प्रसंग मी वेगळा मानत होतो. पुढे वार्तांकनाच्या निमित्ताने केंद्रात जाणे-येणे वाढले तेव्हा कळले की ताईंची रीतच ती आहे. ताईत असो, मंतरलेला दोरा असो, त्या आधी तपासतात आणि मगच हो किंवा नाही म्हणतात. नाही म्हणायची वेळ आली, तर कारण माणसाच्या भाषेत सांगतात. मराठीत, कन्नडमध्ये किंवा दखनीत. अहवालाच्या भाषेला मात्र त्या सैल सोडत नाहीत. शंका असेल तिथे शंका असेच लिहितात.

ताईंनी साठी गाठली. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसण्याआधी मी काकूंकडे गेलो. काठी टेकत त्या दारापर्यंत आल्या. ताईंना काय शुभेच्छा कळवू, असे विचारले.

"तिला म्हणावं, शंभर वर्सं जग," काकू म्हणाल्या, "आन् तिचे पाय धड ऱ्हाऊ दे. दिसभर उबीच अस्ती बाई."

याहून वेगळे मला काही मागायचे नाही.